दोन तपकिरी बाटल्या

लॅबमध्ये खाण्यापिण्याची कुठलीही वस्तू आणायची नाही, हा नियम थेंबबाईंचा. बाहेरच्या माणसाने लॅबमध्ये पाऊल टाकायचं नाही, हाही नियम त्यांचाच. दोन्ही नियम अगदी रास्त होते, आणि पुढचा सगळा घोटाळा या दोन रास्त नियमांमुळेच झाला.

थेंबबाई म्हणजे शहराच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातल्या प्रयोगशाळेच्या विश्लेषक. शहरभरच्या मोऱ्या, न्हाणीघरं आणि संडास यांतून जे काही वाहत येतं, ते केंद्राच्या एका टोकाला आत शिरतं आणि दुसऱ्या टोकाला नितळ होऊन नदीत जातं. मधे टाक्या आहेत, हवा फुंकणारी यंत्रं आहेत, ती चालवणारे इंजिनिअर आहेत. पण पाणी खरंच स्वच्छ झालंय की नुसतं तसं दिसतंय, हे सांगायचा अधिकार एकट्या बाईंचा. त्यांचं हे नाव कामगारांनी पाठीमागे ठेवलेलं. काचेच्या बारीक नळीतून एकेक थेंब सोडत, खालच्या पाण्याचा रंग कधी बदलतो ते त्या अशा टक लावून बघायच्या, की शेजारी छत कोसळलं असतं तरी त्यांनी आधी थेंब मोजला असता आणि मग वर पाहिलं असतं. नाव कानावर आलं तेव्हा रागावणं दूरच, बाई म्हणाल्या, "बरोबरच आहे. एका थेंबाने आकडा बदलतो." आणि दिवसभर खूश होत्या.

बाईंना आपल्या कामाचा अभिमान होता आणि तो लपवायची खोड त्यांना नव्हती. "काय करता?" असं कुणी सहज विचारलं, तरी त्या ठणकावून सांगत, "शहर जे टाकून देतं, ते मी तपासते." समोरच्याने नाकाला रुमाल लावायच्या आत टाकीतल्या सूक्ष्मजीवांची कहाणी सुरू व्हायची. घाण खाऊन पाणी साफ करणारे ते जंतू म्हणजे बाईंच्या मते केंद्रातले सगळ्यात इमानी कामगार. "रजा नाही, कुरकुर नाही, चहाला उठणं नाही. फक्त हवा द्या, बास!" हे त्या जेवणाच्या पंगतीतही सांगत. त्यामुळे त्यांच्या शेजारची खुर्ची नेहमी रिकामी मिळायची.

सासूबाईंना मात्र हे जरा अवघड जायचं. "सून ऑफिसात आहे, पाण्याचं काहीतरी बघते," एवढंच त्या शेजारणींना सांगत आणि विषय बदलत. घरात तर त्यांना सुनेच्या लेबलांचा अगदी वैताग आला होता. मिठाची बरणी असो की डाळीचा डबा, त्यावर नाव, तारीख, वेळ आणि नंबर असलेलं लेबल हवंच.

"अगं, मीठ आहे ते. पळून जाणार आहे का कुठे?" सासूबाई म्हणायच्या.

"पळून नाही जाणार, पण कधी भरलं ते कळायला नको का, आई?"

"भरलं तेव्हा मी इथेच होते की!"

तर अशा या बाईंच्या लॅबवर संकट आलं. शहराच्या कारभारात एक नवे मोठे साहेब आले. ते तरतरीत होते आणि त्यांना प्रत्येक जुन्या गोष्टीचं काहीतरी करायचं होतं. त्यांच्याकडे एका खाजगी लॅबचा माणूस जाऊन आला. निळा टाय, चकचकीत बूट, हातात चकचकीत माहितीपत्रक. "तपासण्या आमच्यावर सोडा साहेब, तुम्ही कशाला हा व्याप सांभाळता?" मोठ्या साहेबांना ते पटलं. तरी माणूस न्यायाचा, म्हणून त्यांनी एक परीक्षा ठरवली. केंद्रातून बाहेर पडणारं एकच पाणी दोन बाटल्यांत भरायचं. एक बाटली बाईंनी तपासायची, दुसरी टायवाल्याच्या लॅबने. मग बैठकीत दोन्ही निकाल समोर ठेवून ठरवायचं, की केंद्राची लॅब ठेवायची की बंद करायची. बंद झाली तर त्या खोलीत झाडू आणि पाइप ठेवायचे आणि बाईंना पाणीपट्टीच्या खिडकीवर बसवायचं, असं ठरल्यातच जमा होतं.

"पाणीपट्टी?" बाई केंद्राच्या मॅनेजरना म्हणाल्या. "मी? मी पावत्या फाडत बसू? आणि माझ्या जंतूंकडे कोण बघणार?"

"मॅडम, म्हणून तर म्हणतो, या वेळी काही गडबड नको," मॅनेजर घाम पुसत म्हणाले. हे गृहस्थ भले होते, पण त्यांना हिवाळ्यातही घाम यायचा.

"गडबड? माझ्या लॅबमध्ये?" बाईंनी असं विचारलं, की मॅनेजरनी स्वतःच माफी मागितली.

नमुना घ्यायच्या दिवशी बाईंनी एकही कसर सोडली नाही. बाटल्या तपकिरी काचेच्या, उजेडाने पाणी बदलू नये म्हणून. धुतलेल्या, खळखळून विसळलेल्या, वाळवलेल्या. पाणी भरून झाल्यावर झाकणाला दोरा, दोऱ्यावर लाखेचं सील, आणि लेबलावर तारीख, वेळ, नंबर, सगळं बाईंच्या टपोऱ्या अक्षरात. एक बाटली लॅबमध्ये गेली. दुसरी टायवाल्याच्या माणसाला द्यायची होती, पण तो पडला बाहेरचा, लॅबमध्ये येऊ शकत नव्हता. म्हणून बाईंनी ती बाटली बर्फाच्या पाकिटासकट कापडी पिशवीत घातली आणि लॅबच्या दाराबाहेर, बोळातल्या टेबलावर ठेवली. पिशवी सासूबाईंनी जुन्या पडद्याची शिवलेली होती, मोठमोठ्या फुलांची.

आता त्याच टेबलावर तशीच फुलांची दुसरी पिशवी होती. पडदे दोन होते, पिशव्याही दोन झाल्या. या दुसऱ्या पिशवीत सासऱ्यांच्या खोकल्याचा काढा होता. सकाळी येताना बाईंनी तो काढेवाल्याच्या दुकानातून घेतला होता. काढेवाला आपल्या बाटलीत भरून द्यायला तयार होता, पण बाईंनी ती बाटली उजेडात धरून विचारलं, "यात आधी काय होतं?"

"तेल होतं, ताई."

"कसलं?"

"आता ते कुठे आठवतंय!"

झालं. बाईंनी पर्समधून स्वतःची तपकिरी बाटली काढली. ती त्यांनी नमुन्याच्या बाटल्यांसोबतच धुतली होती, तितक्याच वेळा. काढा असला म्हणून काय झालं, बाटली स्वच्छ नको? "गार जागी ठेवा," असं काढेवाल्याने बजावलं, म्हणून त्यातही बर्फाचं पाकीट. आणि काढा ही पिण्याची वस्तू, तो लॅबमध्ये कसा न्यायचा? म्हणून तोही बोळातल्या टेबलावर.

टायवाल्याचा माणूस आला तेव्हा बाईंच्या नळीतून थेंब पडत होते. अशा वेळी उठणं म्हणजे सगळी मेहनत मातीत. मान न वळवता त्या आतूनच ओरडल्या, "पिशवीत आहे, टेबलावर! घेऊन जा!" त्या माणसाच्या कानाला फोन लागलेला. त्याने हाताला आली ती पिशवी उचलली आणि चालू लागला. संध्याकाळी बाईंनी उरलेली पिशवी खांद्याला लावली, घरी नेली आणि बाटली सासूबाईंच्या हातात ठेवली. जी बाई आयुष्यभर थेंब मोजत आली, तिने पिशवीत एकदाही डोकावून पाहिलं नाही. तिचं सगळं लक्ष लॅबमधल्या ठरावीक तापमानाच्या कपाटात ठेवलेल्या नमुन्याकडे होतं. सासूबाईंनी बाटली फ्रिजमध्ये ठेवून दिली, कारण आधीच्या बाटलीत अजून काढा शिल्लक होता, आणि घरात काही वाया घालवायचं नाही हा नियम सासूबाईंचा.

ज्या तपासणीवर सगळं ठरायचं होतं, तिला पाच दिवस लागतात. पाण्यात उरलेली घाण खायला जंतूंना किती प्राणवायू लागतो, ते मोजायचं. आकडा जितका लहान, तितकं पाणी स्वच्छ. शहराकडून येणाऱ्या पाण्याचा हा आकडा शेकड्यांत असतो. बाईंच्या बाटलीचा आला सात. बाईंनी तो दोनदा तपासून पाहिला, मग खुर्चीवर टेकून बसल्या आणि एकट्याच हसल्या. सात! आता कोण लॅब बंद करतो तेच बघते, असं त्यांनी मनात म्हटलं.

बैठक त्याच दिवशी होती. टेबलावर मोठ्या साहेबांसाठी चहाचे कप मांडले जात होते, तेवढ्यात बाईंचा फोन वाजला.

"अगं, त्या काढेवाल्याने तुला चक्क गंडवलं!" सासूबाईंचा आवाज तापलेला.

"काय झालं, आई?"

"आज नवी बाटली काढली. ह्यांना चमचाभर दिला, तर ह्यांनी तोंडच वाकडं केलं नाही!"

"बरं वाटत असेल बाबांना."

"काय बरं वाटतंय! इतक्या वर्षांच्या संसारात कधी औषध सरळ तोंडाने गिळलंय ह्यांनी? मला तेव्हाच संशय आला. वाटीत ओतून बघितलं तर पाणी! स्वच्छ पाणी! ना रंग, ना वास."

बाईंनी हातातला निकालाचा कागद खाली ठेवला. "आई... बाटलीवर लेबल आहे?"

"आहे की. तुझंच अक्षर. तारीख, वेळ, नंबर. म्हटलं, मिठाला नंबर देते ती काढ्याला का नाही देणार!"

"आणि झाकणाला दोरा?"

"कापला कात्रीने. किती गच्च बांधतेस गं!"

"आई, ती बाटली तशीच ठेवा. हात लावू नका. मी येते आणि..."

"तशीच कशी ठेवू? घेऊनच निघालेय मी! त्याच्या काउंटरवर नेऊन आपटते की नाही बघ!" आणि फोन बंद.

बाईंनी लगेच उलटा फोन लावला. तो सासऱ्यांनी उचलला, कारण सासूबाई रागाच्या भरात फोन घरीच टाकून गेल्या होत्या.

"ती गेली. तरातरा गेली," सासरे म्हणाले. "पण सूनबाई, खरं सांगू? काढा फार छान आहे गं. घशाला अजिबात झोंबत नाही. पुढच्या वेळी हाच आण."

"बाबा, किती घेतलात तुम्ही?"

"एकच चमचा. दुसरा मागत होतो, पण ही वाटीत नाक घालून बसली."

"पोटात काही होतंय? मळमळ?"

"छे! का गं? काय होतं त्यात?"

"संध्याकाळी सांगते, बाबा. पण तुम्ही आत्ता उठा आणि डॉक्टरांना दाखवून या. माझी शपथ आहे तुम्हाला."

"इतक्या चांगल्या काढ्यासाठी डॉक्टर?" सासरे पुटपुटले. पण सुनेचा आवाज ऐकून बिचारे चपला घालायला उठले. (ते पुढे डॉक्टरांकडे गेले आणि खोकला सोडता ठणठणीत निघाले, हे इथेच सांगून टाकतो, उगाच कुणी काळजी करायला नको.)

बाई थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्या आणि सगळं सांगितलं. मॅनेजरनी आधी खुर्चीचा आधार घेतला, मग टेबलाचा.

"म्हणजे मॅडम, त्यांनी पाच दिवस काढा तपासला?"

"हो."

"आणि आता ते भर बैठकीत सांगणार, की आपल्या केंद्रातून तपकिरी, गोड आणि मिरीचा वास असलेलं पाणी नदीत जातंय?"

"ज्येष्ठमधाचासुद्धा वास असेल," बाई म्हणाल्या. अशा वेळीही त्यांना अर्धवट माहिती खपत नसे. "आणि त्यात मध इतका, की आकडा हजारांत गेला असणार. मी बैठक सुरू व्हायच्या आधीच सांगून टाकते."

"अजिबात नाही!" मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "चुकीची बाटली पाठवली असं सांगितलंत, तर लॅब इथल्या इथे बंद. नमुना नीट देता येत नाही ती कसली लॅब, म्हणतील. आधी त्यांना बोलू द्या. कुणी सांगावं, रस्त्यात बाटली फुटलीही असेल. देव काही इतका निष्ठुर नसतो."

बाटली फुटली नव्हती. मोठे साहेब येऊन बसले, टायवाल्याने प्रोजेक्टरने भिंतीवर नदीचं सुंदर हलतं चित्र पाडलं, त्यात दोन बदकंही होती. मॅनेजरनी डोळे मिटून घेतले. बाईंनी पदर घट्ट धरला.

"आम्हाला मिळालेला नमुना अत्याधुनिक यंत्रांवर तपासला," टायवाला गोड आवाजात म्हणाला. "रंग, नाही. वास, नाही. तळाशी गाळ, नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचा आकडा, आठ. अभिनंदन! तुमचं पाणी उत्तम आहे!"

मॅनेजरनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मग टाळ्या वाजवल्या.

"वा!" मोठे साहेब म्हणाले. "आणि आपल्या मॅडमचा आकडा?"

"सात," बाई कशाबशा म्हणाल्या.

"सात आणि आठ! म्हणजे दोन्ही लॅब बरोबर!"

मॅनेजरचा जीव भांड्यात पडला. त्यांनी टेबलाखालून बाईंच्या पायावर पाय ठेवला, म्हणजे गप्प बसा. बाईंनाही खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण त्यांचं डोकं तापत चाललं होतं. त्यांचा सात हा खराखुरा सात होता. त्यासाठी त्या रोज सकाळी आल्या आल्या कपाटाचं तापमान बघत होत्या, धाकट्या बहिणीचा फोनसुद्धा नळीसमोर असताना त्यांनी घेतला नव्हता. आणि या माणसाने मध, मिरी आणि आल्याच्या घट्ट रसातून आठ काढून दाखवला? केंद्राच्या गेटवरच्या फळ्यावर रोजचा आकडा खडूने लिहिलेला असतो. कधी सात, कधी आठ. येणारा-जाणारा कुणीही वाचतो. यानेही वाचला असणार आणि ठोकून दिला.

"मग प्रश्नच मिटला," मोठे साहेब कागद आवरत म्हणाले. "दोघांचं काम सारखंच, तर दोन लॅब कशाला? आपली बंद करू. मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. पाणीपट्टीच्या खिडकीवर पंखा चांगला आहे."

बाई उठून उभ्या राहिल्या. मॅनेजरनी पायावरचा पाय आणखी दाबला, त्यामुळे ते स्वतःच खुर्चीतून घसरले.

"साहेब," बाई म्हणाल्या, "माझ्या हातून एक चूक झाली आहे. यांच्याकडे गेली ती बाटली नमुन्याची नव्हती. पिशव्यांची अदलाबदल झाली. मी उठून बघायला हवं होतं, बघितलं नाही."

"मग त्या बाटलीत काय होतं?"

"माझ्या सासऱ्यांचा खोकल्याचा काढा."

भिंतीवरची बदकं तेवढी पोहत होती.

"गडद तपकिरी, साहेब," बाईंचा आवाज आता खणखणीत झाला. "बाटली उघडताच सगळ्या खोलीत वास सुटेल असा. आणि हे म्हणतात रंग नाही, वास नाही! अहो, नुसतं झाकण काढलं असतं तरी कळलं असतं. माझा सात पाहिजे तर माझ्यासमोर बसून पुन्हा काढून घ्या. पण यांच्या आठाशेजारी त्याला बसवू नका. तो त्याचा अपमान आहे!"

टायवाला हसला, पण ते हसू टायसारखंच आवळलेलं होतं. "साहेब, लॅब जाणार म्हणून मॅडम काहीही सांगताहेत. पुरावा आहे का काही? ती खरी नमुन्याची बाटली कुठे आहे?"

बाई काही बोलणार, तेवढ्यात दार उघडून शिपाई आत डोकावला. त्याचा चेहरा कावराबावरा झाला होता.

"मॅडम, तुमच्या सासूबाई आल्यात. सोबत एक दुकानदार आहे. दोघांनी एकाच बाटलीला धरलंय आणि कुणीच सोडत नाहीये."

शिपायाचं वाक्य पुरं व्हायच्या आत दोघंही आत आले. सासूबाई पुढे, काढेवाला मागे, मधे तपकिरी बाटली. सासूबाईंनी या केंद्रात आजवर कधी पाऊल ठेवलं नव्हतं, पण आता त्या अशा शिरल्या, की मोठे साहेबही अर्धवट उठून उभे राहिले.

"आता बोल!" सासूबाई काढेवाल्याला म्हणाल्या. "कबूल करत नव्हतास ना? ही माझी सून. साऱ्या शहराचं पाणी तपासते. तिने पाणी म्हटलं की पाणी, आणि काढा म्हटलं की काढा. तिच्या शब्दापुढे कुणाचं चालत नाही. सांग गं याला, हे काय आहे?"

"साहेब, तुम्हीच न्याय करा," काढेवाल्याने दिसतील तेवढ्या सगळ्यांसमोर हात जोडले. "या माऊली म्हणतात, मी काढ्याच्या नावाखाली पाणी विकलं. अहो, माझ्या दुकानाच्या नळाला इतकं नितळ पाणी कधी येतच नाही! मी भरीन कुठून?"

मोठ्या साहेबांनी बाटली हातात घेतली. लेबल वाचलं. केंद्राचं नाव, बाहेर जाणारं पाणी, तारीख, वेळ, नंबर, बाईंचं अक्षर. त्यांनी समोरच्या रिकाम्या कपात थोडं पाणी ओतलं, उजेडात धरलं, वास घेतला. मग त्यांनी सावकाश टायवाल्याकडे पाहिलं.

"आजी," ते म्हणाले, "हे आपल्या शहराच्या गटारातून आलेलं पाणी आहे. या केंद्रात साफ होऊन नदीत जाणारं."

सासूबाईंनी कपात पाहिलं, मग साहेबांकडे, मग सुनेकडे. "हे? गटाराचं?"

"हो, आई."

"अगं बाई! चमचाभर दिलंय मी ह्यांना!"

"बोलले मी बाबांशी. ते म्हणाले, छान आहे."

"मग माझा काढा गेला कुठे?" काढेवाल्याने विचारलं. सगळे टायवाल्याकडे बघू लागले, म्हणून तोही तिकडेच बघू लागला. टायवाल्याने भिंतीवरचं चित्र बंद केलं.

"छान. आता वाद कशाला?" मोठे साहेब उत्साहाने म्हणाले. "खरी बाटली सापडली. मॅडम, हीच आत्ता तपासायला घ्या. पुन्हा सात आला, की तुमची लॅब कायम. मी शब्द देतो."

मॅनेजरनी आनंदाने टेबलावर थाप मारली. लॅब वाचली! बाईंनी फक्त हो म्हणायचं होतं. त्यांनी बाटली उचलली, तुटलेला दोरा पाहिला, काच तळव्याने चाचपून पाहिली आणि ती परत टेबलावर ठेवली.

"नाही साहेब. हा नमुना मी घेणार नाही."

"का?"

"सील तुटलंय. बाटली बर्फाबाहेर, उन्हातून फिरून आलीय. यात आमच्या घरचा चमचा बुडालाय. आणि नमुन्याची मुदत तर केव्हाच उलटून गेलीय. यातून आता सात आला काय आणि सत्तर आला काय, तो खरा नाही. नमुना रद्द."

"मॅडम!" मॅनेजर रडवेले झाले. "अहो, साहेब स्वतः म्हणताहेत!"

"साहेबांनी म्हटलं म्हणून पाणी ताजं होत नाही."

"रद्द?" आता सासूबाईंचा पारा चढला. "अगं, मी भर उन्हात गाडी करून, या माणसाशी भांडत एवढ्या लांब आणली ती! जपून आणली, एक थेंब सांडू दिला नाही! आणि रद्द?"

"तुम्ही आणली म्हणून तर सांगते, आई. नीट आणलेली नाही. रद्द म्हणजे रद्द."

मोठ्या साहेबांनी बाटलीचा तुटलेला दोरा बोटाने उचलून पाहिला. त्यांनी पुन्हा टायवाल्याकडे मोहरा वळवला. "तुमच्याकडे गेलेल्या बाटलीला लेबल होतं?"

"नव्हतं, साहेब."

"सील?"

"तेही नव्हतं."

"मग घेतलीत कशी?"

"आलेलं काम परत पाठवायचं नाही, असं आमचं धोरण आहे, साहेब," टायवाला म्हणाला, आणि बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

मोठ्या साहेबांनी त्याचं चकचकीत माहितीपत्रक त्याच्याकडे सरकवलं. "न्या हे. मॅडम, लॅब राहील. इथेच राहील आणि तुमच्याच हाताखाली राहील. फक्त इथून पुढे कुणी नमुना न्यायला आला, की नळीसमोरून उठत चला."

"थेंब संपला की उठेन, साहेब," बाई म्हणाल्या. इतका वेळ ताठ उभ्या असलेल्या बाईंचे डोळे आता भरून आले, आणि ते त्यांनी कुणापासूनही लपवले नाहीत. मग त्या काढेवाल्याकडे वळल्या. "दादा, तुमची काही चूक नव्हती. काढा अस्सल होता. संध्याकाळी येते, दुसरा करून ठेवा." आणि टेबलावरची बाटली उचलून, त्यातलं पाणी ओतून टाकायला त्या चटचट लॅबकडे निघाल्या.

काढेवाला आणि सासूबाई गेटकडे चालू लागले. दोन्हीकडे टाक्यांतून हवेचे बुडबुडे उसळत होते. काढेवाल्याला जरा धीर आला होता. तो हळूच म्हणाला, "माऊली, एक बोलू? तुमच्या सूनबाई फार कडक आहेत हो. साहेबांसमोर तुम्हाला सरळ उडवून लावलं त्यांनी."

सासूबाई थांबल्या. त्यांनी पदर सारखा केला, मान वर केली आणि गेटवरच्या पहारेकऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मग? काय समजलास तू? सून आहे ती माझी! कामाच्या बाबतीत सासूलासुद्धा सोडत नाही!"